दोराला वाट पाहिजे

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. भाड्याने घेतलेल्या चौतीस फुटी शिडाच्या बोटीवर आम्ही दोघंच होतो, आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हॅम्बलहून निघून समोरच्या वाइट बेटावरच्या यार्मथला चाललो होतो. सोलेंटच्या, म्हणजे ते बेट आणि किनारा यांच्या मधल्या सामुद्रधुनीच्या, पश्चिम टोकाला ओहोटीचं पाणी बाहेरच्या बाजूला धावत असतं आणि नैऋत्येचा वारा नेमका त्याच्या तोंडावर येतो. मग सकाळी तळ्यासारखं निवांत दिसलेलं पाणी तासाभरात आखूड, उभ्या लाटांनी भरून जातं. त्या दिवशी तसंच झालं. एक रीफ आधीच घेतला होता, म्हणजे मेनसेलचा, मुख्य शिडाचा, खालचा पट्टा उतरवून बूमला, शिडाखालच्या आडव्या काठीला, बांधलेला होता. दुसरा घ्यायला नवरा मास्टपाशी, म्हणजे डोलकाठीपाशी, गेला. मी चाकावर. लाइफजॅकेटचा पट्टा त्याने दोरीला अडकवलाय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्याने हॅलयार्ड, शीड चढवायचा-उतरवायचा दोर, सैल सोडला, शिडाची कडी आकड्यात अडकवायला हात पुढे केला, आणि बोट एका लाटेवरून धाडकन खाली आली. त्याचा पाय सरकला. मास्टला दोन्ही हातांनी मिठी मारून तो गुडघ्यावर बसला, तसाच उठला, कडी अडकवली, दोर ताणला आणि मागे वळून हात वर केला. सगळं मिळून दहा सेकंद झाले असतील.

त्याला ते संध्याकाळी आठवतही नव्हतं. यार्मथला बोट बांधली, खिचडी केली, त्याने दोनदा घेतली आणि नऊ वाजता झोपला. मी जागी राहिले. बाहेर हॅलयार्ड मास्टवर टक् टक् आपटत होते, शेजारच्या बोटीचे फेंडर आमच्या अंगाला घासून कण्हत होते, आणि मला सारखा माझा स्वतःचा उजवा हात आठवत होता. त्या दहा सेकंदांत तो हात चाक सोडून कॉकपिटमध्ये काहीतरी शोधायला गेला होता. शीड खाली आणणारा दोर. मला सवयच नव्हती तरी हाताने तो शोधला.

दोर तिथे नव्हता. तो मास्टवर होता, नवऱ्यापाशी.

भाड्याची बोट, कुणाचीतरी, कधीतरी केलेली मांडणी. त्यात चूक अशी काही नाही. जुन्या बोटींवर हॅलयार्ड मास्टच्या बुंध्याशीच असतो आणि तिथेच उभं राहून रीफ घेतात. काम एका जागी होतं, दोराला वळणं कमी लागतात, घर्षण कमी. अनुभवी लोक हीच पद्धत बरी म्हणतात आणि त्यांचं कारण मला पटतं. पण तो घसरून पाण्यात गेला असता, तर वाऱ्याने भरलेलं ते शीड उतरवायला मला चाक सोडून, ज्या जागेवरून तो पडला त्याच जागेवर जावं लागलं असतं. आणि तोवर तो मागे किती लांब गेला असता? पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटर. एका मिनिटात दीडशे मीटर. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

तेव्हा आम्ही स्वतःची बोट घ्यायच्या बेतात होतो. मुलगी नोकरीला लागली होती, नवऱ्याची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि इंग्लंडात पंचवीस वर्षं राहूनही आम्ही हा देश फक्त रस्त्यावरून आणि रेल्वेच्या खिडकीतून बघितला होता. आधी खाडीखाडीने फिरायचं, मग इंग्लिश चॅनल ओलांडून फ्रान्समधलं ब्रिटनी, मग जमलं तर बिस्केच्या उपसागरापार स्पेनमधलं गॅलिसिया. नवऱ्याने एक तक्ता केला होता. त्यात कीलचा, म्हणजे बोटीच्या तळाच्या पात्याचा, प्रकार, पाण्यातली खोली, इंजिनाचे तास, टाकीची लिटरं, झोपायच्या जागा, सगळे रकाने होते. मी त्याला जोडून वाचत होते. वाचत गेलं की सगळे रस्ते १९७९च्या ऑगस्टकडे जातात. त्या वर्षीच्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत ३०३ बोटी निघाल्या, आयर्लंडच्या दक्षिणेला त्यांना वादळाने गाठलं आणि १५ खलाशी गेले. सगळ्यात लहान बोटींच्या गटातून शर्यत पूर्ण करून परतली ती एकच, ३२ फुटी काँटेसा. ही जात आमच्या घरापासून तासाभरावर, लिमिंग्टनला जन्मलेली. अरुंद, खोल, आत शिरलं की कपाटात शिरल्यासारखं वाटतं. पण ती दीडशे अंशांहून जास्त कलंडली तरी परत उभी राहू पाहते. आजच्या रुंद बोटी, ज्यांच्या आत दोन खोल्या आणि उभं राहून अंघोळ करता येईल असं न्हाणीघर असतं, त्या एकशेवीसच्या आसपास हार मानतात आणि पालथ्याच राहू शकतात. आम्हाला दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. वाऱ्याकडे तोंड करून थोडीफार चढणारी, दोघांना झेपणारी, आणि ओट्यापाशी उभं राहून पोळी लाटता येईल एवढी रुंद.

त्या तक्त्यात मेनसेलला एकच रकाना होता. त्यात नवऱ्याने लिहिलं होतं: ‘शक्यतो मास्टमध्ये गुंडाळणारं’.

त्याचं कारण मला माहीत होतं आणि ते आम्ही बोलत नव्हतो. त्याचा डावा खांदा दीड वर्षापूर्वी आखडला होता. आता सुटला होता, पण पूर्ण नाही. वरच्या फळीवरचा डबा काढताना तो अजूनही उजवा हात वापरतो आणि मी बघत नाही असं बघून वापरतो. मास्टमध्ये गुंडाळणारं शीड म्हणजे मास्टच्या पोटात एक उभी कांब असते, शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं आणि मास्टच्या मागच्या खाचेतून, पडद्यासारखं, हवं तेवढं बाहेर ओढता येतं. कॉकपिटमधून, एका दोराने, काही बोटींवर नुसतं बटण दाबून. पुढे जायला नको, वाकायला नको, अडीच-तीन मीटर उंचीवर हात न्यायला नको. वारा वाढला तर दोन हात आत घ्यायचं, कमी झाला तर सोडायचं. साठीकडे निघालेल्या माणसाला ते का हवंसं वाटणार नाही?

फेब्रुवारीत एक निळी बोट बघितली. सदतीस फुटी, १९९८ची, आत सागवान, खिडक्यांवर धूळसुद्धा नाही. मालकिणीने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या, ‘तांदूळ’, ‘डाळी’, आणि इंग्रज बाईच्या अक्षरात ‘डाळी’ला जे काय लिहितात ते वाचून मला ती बोट तिथल्या तिथे घ्यावीशी वाटली. टेस्ट सेलला आम्ही साउदॅम्प्टन वॉटर या खाडीत निघालो. शीड बाहेर आलं, बोट कलली, इंजिन बंद केल्यावरची ती शांतता पसरली. गाण्याची मैफल सुरू व्हायच्या आधी तंबोरा लागतो तशी. नवऱ्याचा चेहरा उजळला होता. परत येताना ब्रोकरने शीड आत घ्यायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर ते थांबलं. खाचेपाशी कापडाची एक घडी दुमडली होती आणि ती आत जाऊन अडकली होती. तो घाबरला नाही. बूमचं टोक थोडं उचललं, मागच्या कोपऱ्याचा दोर जरा ताणून धरला, बोट दुसऱ्या अंगावर घेतली, पुन्हा थोडं बाहेर, पुन्हा आत. दहा मिनिटांत निघालं. तो म्हणाला, शीड जुनं आहे, ताणून सैल झालंय, बूमचा कोन चुकला होता. खरं होतं. नंतर मी विचारलं तेव्हा एका शीड शिवणाऱ्याने तेच सांगितलं: सैल, पोट आलेल्या शिडाचा गुंडाळा जाड होतो, गुंडाळताना मागून ताण ठेवला नाही की सुरकुती पडते, बूम फार खाली किंवा फार वर असला की एका टोकाला कापड गोळा होतं. नीट वापरलं तर वर्षानुवर्षं काही होत नाही.

पण त्या दहा मिनिटांत मी एक प्रश्न विचारला होता. हे असं अर्ध्यावर अडकलेलं शीड सरळ खाली उतरवता येईल का?

नाही. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. अर्धं कांबीवर गुंडाळलेलं असताना ते खाली येऊ शकत नाही. उतरवायचं तर आधी पूर्ण उघडावं लागतं.

म्हणजे वारा जास्त झाला म्हणून शीड कमी करायला जावं, ते अडकावं, आणि सुटकेचा रस्ता आधी सगळं शीड वाऱ्यात उघडण्यातून जावा. हे मी घरी येईपर्यंत गाडीत मनात घोळवत बसले. आणखीही बाबी होत्या. आडव्या बॅटन पट्ट्या घालता येत नाहीत म्हणून मागची कड आत कापावी लागते आणि शिडाचं क्षेत्रफळ घटतं, मास्ट जाड आणि जड होतो, गुंडाळलेलं कापड उंचावर राहून बोटीचा तोल वर नेतं. त्या मला फारशा टोचल्या नाहीत. आम्हाला शर्यत जिंकायची नव्हती. तो एक रस्ता टोचला.

हे सगळं एका बाजूने सांगितलं तर अन्याय होईल. आमच्या मरिनात त्याच धक्क्यावर एक जोडपं आहे, दोघंही सत्तरीपार. त्यांच्या बोटीवर अशीच मांडणी आहे, पंधरा वर्षं. आजी बटण दाबते, आजोबा चहा करतात, आणि दोघं दर उन्हाळ्यात ब्रिटनीला जाऊन येतात. एकदाही अडकलं नाही म्हणतात. शीड मात्र वेळच्या वेळी बदलतात आणि आत घेताना दोघांपैकी एकाची नजर सतत खाचेवर असते. त्या आजीने मला एक वाक्य सांगितलं, ते नवऱ्याच्या बाजूचं होतं: ही सोय नसती तर आम्ही दहा वर्षांपूर्वीच बोट विकली असती. मला ते नाकारता आलं नाही. किती तरी म्हातारी माणसं या गुंडाळीमुळे पाण्यावर टिकून आहेत.

माझे आजोबा हर्णैला तांडेल होते. मला कळायला लागलं तेव्हा मचव्यात इंजिन बसलेलं होतं, पण डिझेल वाचवायला येताना शीड लावत. एक बुटकी, पुढे झुकलेली डोलकाठी, तिच्यावर लांबच लांब तिरकी काठी, आणि तिला बांधलेलं जाड सुती शीड. त्याला मिठाचा, माशाच्या तेलाचा आणि उन्हाचा मिळून एक वास यायचा. आजी पावसाळ्यात ओटीवर बसून दाभणाने त्याला ठिगळं लावायची. दाभण ढकलून ढकलून तिच्या तळहाताला मधोमध घट्टा पडला होता. त्या शिडाला रीफ वगैरे नव्हता. वारा जास्त झाला की काठीसकट सगळं खाली घ्यायचं, आणि ते झटक्यात खाली आलं पाहिजे, कारण अर्ध्यावर राहिलेली तसली काठी बोट उलथवू शकते. म्हणून शीड चढवायचा दोर आजोबा दुसऱ्या कुणाकडे देत नसत. सुकाणूपाशी, स्वतःच्या उजव्या पायाजवळ त्याचं वेटोळं असायचं. आणि ते वेटोळं तसंच टाकून द्यायचे नाहीत. घातलं की उचलून पालथं करायचे, म्हणजे डोलकाठीकडून येणारं टोक वर येतं आणि सोडल्यावर दोर एकेक वेढा करत, न गुंतता, वर पळतो. हे करताना त्यांचे हात काही विचार करत नसत. बोलणं दुसरंच चाललेलं असायचं, मासळीच्या भावाचं, नाहीतर सुवर्णदुर्गाच्या आडून येणाऱ्या वाऱ्याचं.

मी आठ वर्षांची असेन. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळलं की ते मला बंदराच्या आतल्या आत एक फेरी मारून आणायचे. अशाच एका फेरीत मी पुढे बघायच्या नादात त्या वेटोळ्यावर उभी राहिले. आजोबांनी माझ्या पोटरीवर चापट मारली. जोरात. त्यांनी घरात कुणावर हात उचललेला मी कधीच बघितला नव्हता, त्यामुळे मला लागण्यापेक्षा धक्काच जास्त बसला. मी रडायला लागले. त्यांनी मला उचलून फळीवर बसवलं, वेटोळं पुन्हा पालथं केलं आणि म्हणाले, “बाय, दोराला वाट पाहिजे.” एवढंच. आजीला घरी गेल्यावर सांगितलंही नाही, ना त्यांनी ना मी.

बोट निवडायच्या त्या वर्षात मला कळलं की छोट्या बोटींतून मोठे समुद्र ओलांडणाऱ्या माणसांनी याच एका गोष्टीवर किती डोकं घातलंय. १९६०मध्ये एकट्याने अटलांटिक ओलांडायची पहिली शर्यत झाली, प्लिमथ ते न्यूयॉर्क. तिची कल्पना ज्यांची, ते ब्लाँडी हॅसलर २५ फुटांच्या ‘जेस्टर’मधून निघाले. त्यांनी नेहमीचं शीड काढून टाकून चिनी जंकचं बसवलं होतं, आडव्या काठ्यांचं, चटईच्या पडद्यासारखं घडीवर घडी पडत खाली येणारं. सगळे दोर बोटीच्या मधोमध ठेवलेल्या एका गोल झरोक्यात आणले होते. तिथे कमरेपर्यंत उभं राहून चढवायचं, कमी करायचं, उतरवायचं. डेकवर जायचंच नाही. ४८ दिवसांत पोचले, दुसऱ्या क्रमांकाने. मी ते वाचलं आणि आजोबांच्या पायाजवळचं वेटोळं आठवलं. मग मुंबईत सागवानात बांधलेली ३२ फुटी ‘सुहेली’, जिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९मध्ये ३१२ दिवस कुठेही न थांबता एकटे जगाला फेरी मारून आले. तिच्यावर दोन डोलकाठ्या आहेत. शीड दोन काठ्यांवर वाटलं की प्रत्येक तुकडा एका माणसाच्या ताकदीत राहतो, एक उतरवला तरी दुसऱ्यावर बोट चालते. आणि ही आताची, गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’. २०१७-१८मध्ये सहाजणी तिच्यातून जगाला फेरी मारून आल्या होत्या, तेव्हा मी कौतुकाने बातम्या बघितल्या. पण ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तीच बोट घेऊन गेल्या आणि परत आल्या, तेव्हा मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचत होते. छप्पन फुटी बोट आणि दोघी. म्हणजे एक झोपलेली असताना दक्षिण महासागरात दुसरी डेकवर एकटी. दोघांची बोट म्हणजे दिवसातले कित्येक तास एकट्याचीच बोट असते, हे मला इतकं सरळ आधी कधी दिसलं नव्हतं.

शेवटी मार्चमध्ये एका रात्री आम्ही ते बोललो. भांडी घासून झाली होती. तो टेबलावर तक्ता उघडून बसला होता, निळी बोट पिवळ्या रंगात रंगवलेली. मी म्हटलं, “यार्मथच्या आधी तुझा पाय सरकला होता, आठवतंय?” तो म्हणाला, “पट्टा लावला होता ना.” मी म्हटलं, “हो. पण मला शीड उतरवता आलं नसतं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि माझा खांदा गेला तर मला चढवता येणार नाही.” हे तो पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाला. आम्ही दोघं त्या टेबलाशी बसून खरं तर एकमेकांवाचूनच्या दिवसाची तयारी करत होतो, आणि वर्षभर ते बूम, बॅटन आणि पौंडांच्या भाषेत बोलत होतो. मला रडू आलं. त्याने चहा ठेवला, साखर जास्त घातली.

नंतर तो हिशोबाने बोलला, आणि त्याचा हिशोब मला पटला. चढवणं सावकाश करता येतं. बंदरात, वारा नसताना, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या पिंपावर, थांबत थांबत. इलेक्ट्रिक विंच बसवता येतो; खांदा गेला तर मी फिरवेन. चढवता आलं नाही तर फार तर त्या दिवशी निघायचं नाही. उतरवणं मात्र तसं ठरवून येत नाही, त्याची वेळ समुद्र ठरवतो. त्याने तक्त्यातला रकाना खोडला आणि तिथे लिहिलं: ‘दोघांपैकी कुणालाही, एकट्याने, चाकापासून न हलता उतरवता यावं’. बूममध्ये गुंडाळणाऱ्या शिडाचाही विचार झाला. ते अडकलं तरी निदान डेकवर खाली ओढता येतं, पण त्याची किंमत ऐकून आम्ही पान उलटलं.

घेतली ती बोट देखणी नाही. बर्सल्डनला नदीच्या वरच्या अंगाला उभी होती, पस्तीस फुटी, १९८०च्या दशकातली, कडेला हिरवट शेवाळ, आत गाद्यांना डिझेलचा वास. निळ्या बोटीच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या मला अजून आठवतात. ती महिन्याभरात दुसऱ्या कुणीतरी घेतली, आणि तिच्या जागी रिकामं पाणी बघून मला वाईट वाटलं. या बोटीचं मेनसेल साधं, घडी पडून खाली येणारं. हॅलयार्ड मास्टवरच. पण मास्टच्या बुंध्याशी कप्प्या बसवून, छपरावरून दोर मागे आणून, क्लचमधून, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या चिमट्यातून, विंचवर घेता आले. हॅलयार्ड एक, आणि दोन रीफचे पुढचा-मागचा मिळून चार. पुढची कडी आणि मागची कडी एकाच दोराने ओढायची सोपी पद्धतही असते, पण त्यात तोच दोर इतक्या कप्प्यांतून जातो की घर्षणाने जीव मेटाकुटीला येतो. मी वेगळे दोर मागितले. बूमच्या दोन्ही अंगांना लेझी जॅकच्या दोऱ्या आणि खाली कापडी झोळी, म्हणजे शीड सोडलं की आपसूक तिच्यात पडतं. मास्टवरच्या खाचेला सिलिकॉनचा फवारा. तिसऱ्या रीफसाठी नव्या शिडात जागा शिवून घेतली. शीड तीन हजार पौंडांच्या वर गेलं, आणि तो महिना आम्ही बाहेर जेवलो नाही.

हॅलयार्डवरच्या खुणा मी स्वतः शिवल्या. पहिल्या रीफला दोर नेमका किती सोडायचा, दुसऱ्याला किती, हे अंधारात हाताला कळलं पाहिजे. रंग अंधारात दिसत नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये धक्क्यावर बसून लाल मेणदोऱ्याने पहिल्या जागी एक कडं शिवलं, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी तीन. सुई दोरातून आरपार जात नव्हती. मग सुटकेसच्या तळातून आजीचं दाभण काढलं. ते मी लग्नानंतर आईकडून मागून आणलं होतं, पोती शिवायला म्हणून, आणि पंचवीस वर्षांत एकही पोतं शिवलं नव्हतं. तळहाताला मध्ये दुखायला लागलं तेव्हा थांबले.

वाऱ्यात बोट थोपवून धरायचं मी त्याच महिन्यात शिकले. पुढचं शीड उलट्या बाजूला राहू द्यायचं, सुकाणू वाऱ्याकडे वळवून बांधायचं. बोट हट्टी गुराने खुंट्यापाशी मान खाली घालावी तशी उभी राहते आणि एकाएकी सगळा गोंगाट थांबतो. मग रीफ घ्या, चहा करा, नकाशा बघा. हे मला आधीच कुणी शिकवलं असतं तर त्या सप्टेंबरात नवरा डुचमळत्या बोटीवर मास्टपाशी गेलाच नसता.

मेच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. हर्स्ट कॅसल हा किल्ला पुढे दिसत होता, ओहोटी सुरू होती, वारा नैऋत्येचा, आकाशात पातळ ढग. नवरा म्हणाला, “मी नाहीये असं समज,” आणि खाली केबिनमध्ये जाऊन त्याने दाराच्या फळ्या लावून घेतल्या, म्हणजे मला त्याचा चेहराही दिसू नये. मी एकटी. पुढचं शीड गुंडाळलं, इंजिन चालू केलं, ऑटोपायलटवर बोट वाऱ्याच्या तोंडाशी आणली. मेनसेल फडफडायला लागलं. मोठ्या शिडाची फडफड छातीत ऐकू येते. बूमचा दोर घट्ट केला, हॅलयार्डचा क्लच उघडला.

शीड सुटलं. बॅटन खडखडत, कापडाची एकेक घडी डावीकडे-उजवीकडे पडत, झोळीत येऊ लागली. दोन कडी हाताखालून गेली, मग तीन. आणि वरचा दीडेक मीटर राहिला असताना ते थांबलं. मी क्लच बघितला, उघडाच होता. विंच बघितला, मोकळा. वर बघितलं, काही गुंतलेलं नाही. मास्टपाशी जावं लागणार असं वाटून पोटात गोळा आला. मग खाली बघितलं. चाकावर एक हात ठेवून वळताना माझा उजवा पाय हॅलयार्डच्या वेटोळ्यावर पडला होता, आणि मी सगळं वजन टाकून त्यावर उभी होते.

पाय उचलला. दोर पायाशेजारून सर्रकन पळाला, शीड खाली बसलं आणि फडफड थांबली. इंजिनाचा आणि पाण्याचा आवाज तेवढा राहिला. पोटरीला गरम वाटत होतं.

फळीच्या आडून आवाज आला, “येऊ का वर?”

“थांब जरा,” मी म्हटलं, आणि वेटोळं घालून ते पालथं केलं.